रुमाल टाकून ठेवलेलं मशीन

एप्रिल लागला की मी रोज सकाळी मशीनच्या पाठीमागून तळहात धरून फिरते, शेकोटीपुढे धरतो तसा. आमच्या संगणन केंद्राचं मशीन म्हणजे एक लांबलचक खोली, तिच्यात कपाटांसारखे उभे रॅक आणि प्रत्येक रॅकमध्ये एकावर एक रचलेले संगणक. त्या एकेका संगणकाला आम्ही नोड म्हणतो. नोड गणित करत असला की त्याच्या पाठीतून गरम हवा येते आणि रिकामा असला की कोमट. ही परीक्षा मला आमच्या एसी सांभाळणाऱ्या काकांनी शिकवली. काका बारावी नापास, मी एम.टेक.; पण पडद्यावरचे हिरवे ठिपके बघून मला जे कळलं नव्हतं ते त्यांना नुसत्या हाताने कळायचं. एका सकाळी त्यांनी मला रॅकच्या मागे नेलं, हात धरायला सांगितला आणि विचारलं, "मॅडम, हे सारे काम करून राहिले म्हणता न तुमी? मग हे थंडे काहून?"

खरं सांगायचं तर मला आधी काकांचाच राग आला. पडद्यावर सगळे ठिपके हिरवे होते, म्हणजे सगळे नोड कामात होते, आणि हा माणूस मला सांगत होता की ते रिकामे आहेत. मी तावातावाने प्रत्येक नोड किती वीज खातो हे दाखवणारा तक्ता उघडला. काकांचं खरं निघालं. जवळपास निम्मं मशीन काहीही न करता कामात होतं.

याचं कारण शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. आमच्याकडे रांगेचा नियम असा की तुमचं काम संपलं की तुमचे नोड दुसऱ्याला जातात आणि तुम्ही पुन्हा रांगेच्या शेपटाला. पुढचा नंबर चार-पाच दिवसांनी. मग आमच्या हुशार संशोधकांनी काय करावं? एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तसं त्यांनी मशीनवर रुमाल टाकायला सुरुवात केली. म्हणजे एक खोटं काम लावायचं, जे नोड ताब्यात घेईल आणि आत नुसतं झोपून राहील. आपलं खरं गणित तयार झालं की झोपलेल्याला उठवायचं आणि त्या जागी बसायचं. गणित तयार व्हायला कधी दोन तास लागतात, कधी आठ दिवस. तोवर जागा आपली. याला ते स्वतःच रुमाल म्हणायचे. कँटीनमध्ये पोह्यावर तर्री ओतून घेता घेता एक पोरगी आपल्या सरांना फोनवर सांगत होती, "सर, तीन रुमाल टाकून ठेवलेत, काळजी नको," हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. नव्या विद्यार्थ्याला पासवर्ड मिळायच्या आधी रुमाल शिकवला जायचा.

आता एस.टी.तल्या रुमालाला वीज लागत नाही. नोड झोपलेला असला तरी चालू असतो, आणि चालू नोड वीज खातोच. जेवढी खातो तेवढी शेवटी उष्णता होऊन खोलीत पडते, आणि ती उष्णता बाहेर काढायला एसी पुन्हा वीज खातो. ही वीज कोळशावर होते आणि तिची राख कुठं उडते हे नागपूरकरांना मी वेगळं सांगायला नको. नंदनवन भागातल्या माझ्या घरी रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला तर मी जेवणावरून उठून तो बंद करते. नवरा म्हणतो की तुझ्या ऑफिसातला एक दिवस म्हणजे आपल्या गल्लीचं वर्ष, तू या पंख्याच्या मागे कशाला लागतेस? त्याला उत्तर नाही म्हणून मी त्याच्यावर चिडते.

रुमाल बंद करणं सोपं होतं, निदान मला तसं वाटायचं. मी दोन पानांची टिपणी केली. रिकामा नोड आपोआप बंद व्हावा आणि कुणाला मशीनचा किती वाटा मिळाला हे तासांवर न मोजता प्रत्यक्ष खाल्लेल्या विजेवर मोजावं, एवढंच त्यात होतं. विजेवर मोजलं की ज्याचा प्रोग्राम नीटनेटका त्याला जास्त गणित करता येईल, आणि गबाळा प्रोग्राम लिहिणारा आपोआप शहाणा होईल. आमच्या विभागप्रमुखांनी टिपणी वाचली आणि म्हणाले, तुमचं अगदी बरोबर आहे. वीस वर्षांच्या नोकरीत मी हे शिकले की ज्या दिवशी आपलं अगदी बरोबर असतं त्या दिवशी काही होत नाही.

झालंही तसंच. दर महिन्याला आमच्याकडून एक अहवाल वर जातो, मशीन किती वेळ कामात होतं त्याचा. तो आकडा मोठा असला की मशीन उपयोगी ठरतं, आणि मशीन उपयोगी ठरलं की याहून मोठं मशीन मागता येतं. तसं मागणीपत्र तेव्हा गेलेलंच होतं. रुमाल काढले असते तर आकडा धाडकन खाली आला असता. म्हणजे आम्ही वीज जाळत होतो ती आकडा वर ठेवायला, आणि आकडा वर ठेवत होतो तो अजून वीज जाळणारं मशीन आणायला. बैठकीत मी हे याच शब्दांत बोलले. सगळे हसले, त्यांना ते आवडलं सुद्धा, आणि चहा आला. टिपणी फायलीत गेली. पुढच्या वर्षी मी तीच टिपणी तारीख बदलून पुन्हा दिली, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही.

त्यात आमचा उन्हाळा. मे महिन्याच्या शेवटी नवतपा लागतो, त्या नऊ दिवसांत आमचे एसी हात टेकतात. बाहेरचीच हवा इतकी तापलेली असते की आतली उष्णता ते टाकणार कुठं? म्हणून दरवर्षी नवतप्याच्या आधी अख्खं मशीन बंद करायचं आणि पावसाने जरा जम बसवला की चालू करायचं, असा आमचा रिवाज. सगळ्यांना तो ठाऊक, त्यामुळे एप्रिलपासून जो तो आपलं काम बंदीआधी उरकायला बघतो आणि रुमाल दुपटीने पडतात. ज्या दिवसांत वीज वाचवायची त्याच दिवसांत ती सगळ्यात जास्त वाया जायची. मला त्या दिवसांत रात्री जेवण गोड लागत नसे.

खाप्याच्या मॅडम आल्या त्या अशा एका एप्रिलमध्ये. त्या खापा गावातल्या कॉलेजात भूगोल शिकवतात. वय माझ्याएवढंच, पन्नाशीला टेकलेलं. दोन मुलांची शिक्षणं आणि सासऱ्यांचं आजारपण यात त्यांची पीएच.डी. अकरा वर्षं रखडली होती. विषय मात्र असा की ऐकल्यावर मी खुर्ची पुढे ओढली. कन्हान नदीच्या पात्रातली वाळू जशी कमी होत जाते तसं काठच्या विहिरींचं पाणी किती आणि किती लवकर खाली जातं, हे त्यांना गावनिहाय काढायचं होतं. विहिरी त्यांनी स्वतः मोजल्या होत्या, दोर आणि वजन घेऊन, दर सुट्टीच्या दिवशी. आता त्या सगळ्यावर चाळीस वर्षांचा पाऊस घालून एक मोठं गणित चालवायचं राहिलं होतं. ते त्यांच्या कॉलेजच्या संगणकांवर चालणारं नव्हतं. विद्यापीठाने शेवटची मुदतवाढ जूनअखेरपर्यंत दिली होती आणि यापुढे नाही असं लेखी कळवलं होतं.

त्या बाहेरच्या, म्हणून रांगेत त्यांचा क्रम सगळ्यात खाली. आठवड्यातून दोनदा सकाळच्या बसने यायच्या, तोंडाला बांधलेला दुपट्टा सोडत विचारायच्या, लागला का नंबर? आणि मी नाही म्हणायची. आम्ही दोघी एकमेकींना मॅडम म्हणायचो आणि डबा एकत्र खायचो. एकदा आमच्याच एका संशोधकाने दया येऊन त्यांना रुमाल कसा टाकायचा ते दाखवलं. त्यांनी ते नीट समजून घेतलं आणि केलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "मले नाही जमत ते मॅडम. आपलं काम नसताना जागा धरून ठेवली का दुसऱ्याचं अडते न." असं बोलणारं माणूस त्या इमारतीत मी तेवढं एकच पाहिलं.

त्यांच्यामुळे माझं डोकं फिरलं असं म्हणणं सोपं आहे. डोकं आधीच फिरलेलं होतं, त्यांच्यामुळे निमित्त मिळालं. मी एक लहानसा प्रोग्राम लिहिला. जे काम सलग बारा तास झोपेएवढीच वीज खातंय ते रुमाल आहे असं समजून तो ते काढून टाकायचा आणि मोकळा झालेला नोड रांगेत पुढच्याला द्यायचा. कुणी नसेल तर बंद करायचा. विभागप्रमुखांना मी त्यांच्या खोलीत जाऊन सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "करून पाहा. पण मी हो म्हटलंय असं कुठं लिहू नका."

पहिले दहा दिवस माझ्या नोकरीतले सगळ्यात चांगले दिवस होते. रुमाल पडायचे आणि बारा तासांनी उचलले जायचे. रांग चार दिवसांवरून एका दिवसावर आली. रिकामे नोड बंद झाले, काकांनी तीनपैकी एक एसी बंद करून ठेवला आणि मला बोलावून त्याच्यावर हात ठेवायला लावला. खाप्याच्या मॅडमचा नंबर लागला. त्यांचं गणित नऊ दिवसांचं होतं. नंबर लागला त्या दिवशी त्यांनी घरून पुरणपोळी आणली, सण नव्हता काही नव्हतं. मी हिशेब करून सांगितलं की बंदीच्या बऱ्याच आधी होऊन जाईल. त्यांनी गाईडना माझ्यासमोर फोन लावला आणि महिन्याअखेर निकाल हातात देते म्हणून कळवलं.

मग एका शुक्रवारी सकाळी मी नेहमीसारखी मागून फिरले आणि हात भाजला. भाजला म्हणजे खरोखर मागे घ्यावा लागला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक नोड गरम. एवढं खरं काम आमच्याकडे कधीच नसतं. मी जागेवर येऊन एकेक काम उघडून बघायला लागले आणि चौथ्याच कामात मला कळलं. आमच्या विद्वानांनी माझा प्रोग्राम काय बघतो हे ओळखलं होतं. झोपलेलं काम उचललं जातं ना, मग त्याला झोपू द्यायचं नाही. त्यांनी रुमालाला गुणाकार करायला लावला होता. दोन आकडे घ्यायचे, गुणायचे, उत्तर फेकून द्यायचं, पुन्हा तेच. अहोरात्र, पूर्ण ताकदीने, कुणालाही नको असलेलं गणित. आधी रुमाल निम्मी वीज खात होते, आता पूर्ण खाऊ लागले. वीज वाचवायला निघाले आणि ती दुप्पट जाळायची युक्ती मी त्यांना शिकवली.

मला रडू आलं, रागाने येतं तसं. ज्यांनी हे केलं त्यांतले निम्मे लोक हवामान आणि पर्यावरण यांवर शोधनिबंध लिहितात. एकाला मी बोलावून विचारलं तर तो अगदी गोड आवाजात म्हणाला की मॅडम, नियमात बसतं ना? बसत होतं. नियम माझाच होता.

त्या रागाच्या भरात मी जे केलं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. दुपारी तीनच्या सुमाराला मी प्रोग्राम उघडला आणि बारा तासांचे तीन तास केले. कुणाला कळवलं नाही, आधी तपासून पाहिलं नाही. मनात एवढंच होतं की आता सोडत नाही. पण जरा शांत डोक्याने विचार केला असता तर कुणालाही कळलं असतं की गुणाकार करणाऱ्यांना हा नियम लागूच होत नव्हता. ते भरपूर वीज खात होते, माझ्या प्रोग्रामच्या दृष्टीने ते सगळ्यात कष्टाळू होते. ज्यांच्यावर राग होता त्यांच्या केसालाही धक्का लागणार नव्हता. मी संगणक बंद केला, स्कूटर काढली आणि घरी गेले. दोन दिवस सुट्टी होती.

सोमवारी खाप्याच्या मॅडम माझ्या आधी येऊन बसल्या होत्या. निकाल भरून न्यायला नवी डिस्क विकत घेतली होती, ती मांडीवर. शुक्रवारी रात्री फोनवर त्यांनी पाहिलं होतं, गणित सगळं झालं होतं आणि उत्तरं गोळा करणं सुरू होतं. शनिवारी त्यांच्या फोनवर काही दिसलं नाही, पण मशीन नीट असेल, मॅडम तिथं आहेत, असं त्यांना वाटलं. मी माझ्या खुर्चीत बसले आणि नोंदी उघडल्या. मोठ्या गणितात शेवटी असा एक टप्पा येतो की सगळे नोड आपापली उत्तरं एका जागी लिहून ठेवतात. तेव्हा गणित बंद असतं, फक्त लिहिणं चालू असतं, आणि त्या वेळी नोड झोपल्याएवढीच वीज खातो. त्यांच्या कामाला या टप्प्याला पाच तास लागणार होते. तीन तास झाल्यावर, शनिवारी पहाटे, माझ्या प्रोग्रामने ते रुमाल समजून काढून टाकलं. काढून टाकलेल्या कामाची तात्पुरती जागा मशीन स्वतः पुसून घेतं. त्या दिवशी अख्ख्या मशीनवर माझ्या नव्या नियमाने काढलेलं ते एकमेव काम होतं.

मी त्यांना सरळ सांगितलं. निदान ते तरी केलं. त्यांनी विचारलं की थोडंही राहिलं नाही का? मी नाही म्हटलं. पुन्हा लावता येईल का? मी हो म्हटलं, आणि रांगेत त्यांचा नंबर सगळ्यांच्या वर नेऊन ठेवला, कुणाला विचारलं नाही.

मंगळवारी दुपारी तीनपैकी दोन एसी एकामागोमाग बसले. गुणाकार चालू होतेच. काकांनी दारात दोन कूलर आणून लावले, वाळ्याच्या ताट्या भिजवल्या, आणि खोलीतला पारा चढतच राहिला. मी गेले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. "बंद करा मॅडम, गरमी निघूनच नाही राहिली. जळून जाईन सारं," एवढं म्हणून ते पुन्हा आत गेले. नवतप्याला अजून आठ दिवस होते, आणि आम्ही मशीन बंद केलं. मॅडमचं दुसरं गणित तेव्हा जेमतेम एक दिवस चाललं होतं.

मी विभागप्रमुखांना म्हटलं की आठ नोड चालू ठेवू द्या, आठ नोडना एक कूलरही पुरेल, हळू चालेल पण जूनपर्यंत होईल. ते म्हणाले एकाला दिलं की सगळे मागतील. मी म्हटलं सगळ्यांचं काम आपण पुसलेलं नाही. त्यावर त्यांनी दार लावून घेतलं आणि मला बसायला सांगितलं. मशीनच्या मागणीपत्रावर त्याच महिन्यात निर्णय व्हायचा होता. ते म्हणाले, परवानगी नसलेला प्रोग्राम चालवून आपण बाहेरच्या माणसाचं काम नष्ट केलं, हे वर कळलं तर मशीन विसरा, तुमची चौकशी आधी लागेल. मी म्हटलं परवानगी तुम्ही दिली होती. ते म्हणाले, दाखवा. तेही रागाने म्हणाले नाहीत, थकल्यासारखे म्हणाले. रिटायर व्हायला त्यांना दीड वर्ष होतं.

पाऊस सुरू होऊन मशीन चालू होईपर्यंत जून संपायला आला. आता मॅडमकडे एकच वाट होती, विद्यापीठाकडून तीन महिने मागायचे. तिथल्या लोकांनी सांगितलं की तुमचं काम पूर्ण झालं होतं आणि ते केंद्राच्या चुकीने गेलं असं केंद्राचं पत्र आणा, मग विचार करू. मॅडमनी मला फोन केला, आवाजात जरा जीव आलेला होता. मी म्हटलं आजच देते. एका पानाचं पत्र केलं, काय घडलं ते तारखांसकट लिहिलं आणि विभागप्रमुखांकडे नेलं.

त्यांनी पेन घेतलं आणि माझ्यासमोर पत्रातली वाक्यं खोडली. उरलं ते असं की सदर गणना तांत्रिक कारणामुळे खंडित झाली. गणना पूर्ण झाली होती हे वाक्य गेलं, कारण पूर्ण झालेली गणना खंडित कशी होईल हा प्रश्न कुणीतरी विचारेल. चूक हा शब्द गेला. माझा प्रोग्रामही गेला. ते म्हणाले, यात तुमचंच भलं आहे. मी भांडले. माझा आवाज बाहेर जात होता आणि तो जावा असंच मला वाटत होतं. मी म्हटलं की या पत्राचा त्यांना काडीचा उपयोग नाही. ते म्हणाले असेल किंवा नसेल, पण केंद्र याहून जास्त लिहून देऊ शकत नाही. पत्र टाइप होऊन आलं. खाली माझं पदनाम होतं, कारण मशीनचा ताबा माझ्याकडे. मी उभ्या उभ्याच सही केली आणि पेन टेबलावर आपटलं. पेन आपटलं म्हणून सही काही कमी होत नाही.

विद्यापीठाने अर्ज फेटाळला. तांत्रिक अडचणींची काळजी उमेदवाराने घ्यायची असते, असं दोन ओळींत कळवलं. मॅडमची नोंदणी रद्द झाली. आमच्या अहवालात मात्र मे महिना बंदीच्या दिवसापर्यंत आजवरचा सगळ्यात भरलेला महिना ठरला. तो कागद वर गेला आणि वरून कौतुकाचं उत्तर आलं. काकांना मी ते दाखवलं. त्यांनी चष्मा काढून वाचलं आणि परत माझ्या हातात दिलं.

जुलैच्या मधल्या एका दिवशी मॅडम आमच्या इमारतीत शिरायचं कार्ड परत जमा करायला आल्या. बाहेर भुरभुर होती, छत्री त्यांनी कोपऱ्यात उभी केली. विद्यापीठातून आपल्या फायलीची प्रत त्यांनी मागून घेतली होती आणि माझं पत्र त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं होतं. ते लिफाफ्यात घालून थेट गेलं होतं, मी त्यांना वाचायला दिलं नव्हतं. त्यांनी पर्समधून ती प्रत काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

"माझं गणित पुरं झालं होतं, हे यात कुठीच नाही मॅडम."

मी सांगितलं की मी लिहिलं होतं, साहेबांनी खोडलं. मी खूप भांडले. मी सांगत गेले, त्या ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी पत्राच्या तळाशी बोट ठेवलं.

"पण सही तर तुमचीच आहे न."

त्या चिडलेल्या नव्हत्या. त्यांना खरोखर समजून घ्यायचं होतं, विहिरीत दोर सोडून किती खोल आहे ते बघतात तसं. मी म्हटलं, मी दुसरं पत्र लिहिते, खरं, माझ्या एकटीच्या नावाने, आत्ता तुमच्यासमोर, आणि विद्यापीठात स्वतः नेऊन देते. मी कागदही ओढला. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"आता राहू द्या. तारीख गेली. मले तर मुदत भेटणार नाही, आन् तुमच्या मागे लचांड काहून लावून घेता?"

मग त्यांनी कार्ड दिलं, पोचपावती घेतली, छत्री उचलली आणि बस गाठायला गेल्या. मी दारापर्यंत गेले. सगळ्यांवर चिडायची मला सवय आहे: आकड्यांवर, रुमालवाल्यांवर, विभागप्रमुखांवर; आणि या सगळ्यांवर चिडण्यात माझं काही चुकलंही नाही. पण राहू द्या असं त्या म्हणाल्या त्या क्षणी मला जे वाटलं ते दुःख नव्हतं, राग नव्हता. मला हायसं वाटलं. ते दुसरं पत्र मी आजवर लिहिलेलं नाही.